चौथं पान

वेलदूरच्या धक्क्यावर मी होड्यांची नावं रंगवतो.
जयलक्ष्मी, अल-मदिना, गावदेवी कृपा,
दोन्ही अंगांना, ओहोटीच्या हिशोबानं,
पाणी चढायच्या आत ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून.
उरलेल्या रंगात दिगूची पुस्तकं होतात.

चिपळूणच्या बाईंनी रीत शिकवली:
एका पानावर एकच चित्र,
वाक्य 'मी'चं असावं,
'करू नको' कुठंच नसावं,
आणि जिथं खात्री नाही तिथं लिहावं
'बहुतेक', 'कधीकधी'.
बाकी सगळं ऐकलं. एवढंच गाळलं.
होडीवर कुणी 'बहुतेक जयलक्ष्मी' लिहितं का?

दिगू सतराचा.
जाळ्याची गाठ त्याच्यासारखी
अख्ख्या खाडीत कुणाला पडत नाही.
मंगळवारी न् शुक्रवारी दाभोळला,
मावशीच्या अंगणात, फाटकी जाळी सांधतो.
मध्ये खाडी. खाडीत फेरीबोट. फेरीबोटीवर भोंगा.

म्हणून हे पुस्तक. कॅलेंडरची पाठकोरी पानं,
आठ, तंगुसानं शिवलेली.
मी धोपाव्याच्या जेटीवर उभा आहे.
माझ्यापुढे माणसं आहेत. मी हात खिशात ठेवतो.
मी तिकीट घेतो. सुटे पैसे परत येतात.
चौथं पान:
भोंगा वाजतो. आवाज मोठा असतो.
मी कानांवर हात ठेवतो. आवाज थांबतो.
पाचवं: मी बोटीत चढतो.

चार महिने पानं खरी होत गेली.
मी आधी त्याच्या मागे उभा राहायचो,
मग चहाच्या टपरीशी.

नारळी पुनवेआधीच्या शुक्रवारी
अब्बास सारंगानं भोंगा दिलाच नाही.
बोट लागली. टेम्पो चढला, स्कुटरी चढल्या,
कोंबड्यांचा खुराडा चढला.
दिगू चौथं पान उघडून उभा.
मी म्हटलं, चल. तो म्हणाला, चार.
मी म्हटलं, नाही वाजला, बरंच झालं की.
तो म्हणाला, चार.
मग मी ओरडलो.
सात होड्यांचा रंग वाळायचा होता पुनवेआधी,
आणि मी जेटीवर, सगळ्यांसमोर, भोंग्याहून मोठा.
तो कानांवर हात ठेवून
मी थांबायची वाट बघत राहिला.

सारंग खाली आला, कानकोंडा होऊन.
'पोराला त्रास होतो, म्हणून मीच गप ठेवला, भाऊ.'
मी पुस्तक पुढं केलं. त्यानं चौथं पान वाचलं,
स्वतःचं चित्र निरखलं
(दाढी मी जरा जास्तच दिली होती),
परत वर गेला,
आणि भरून, थांबून राहिलेल्या बोटीचा
भोंगा दिला. एकदाच. लांबलचक.
कोंबड्या फडफडल्या. एक बाई म्हणाली, आता काय राहिलं?
दिगूनं हात खाली घेतले. पान उलटलं. चढला.

त्या रात्री 'कधीकधी' काढायला बसलो.
कशी काढतात ही गोष्ट?
एक रंग नाही तिला, एक बाजू नाही.
शेवटी चौथ्या पानाला झडप केली.
झडप खाली: भोंगा वाजतो.
झडप वर: वाजत नाही.
पुढचं पान दोन्हींना तेच.
आठवड्यात झडप तुटली, इतकी उघडमीट.
दुसरी केली, जाड पुठ्ठ्याची.

परवा पुस्तकाच्या शेवटी एक पान जास्तीचं दिसलं.
माझं नव्हे. टाके त्याचे, जाळ्याचे.
जेटी सरळ, पट्टीनं आखल्यासारखी.
तिच्यावर एक माणूस, तोंड नसलेला, हातात ब्रश.
खाली लिहिलेलं:
कधीकधी बाबा ओरडतो.
आवाज मोठा असतो.
आवाज थांबतो.

मी घासलेटात ब्रश धूत बसलो,
धुतलेलाच.
दिगू आला. पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला,
नंबर राहिलाय.

मी नऊ घातला.